सुट्टीनंतरचे पंधरा दिवस: नागपूरच्या आरोग्य प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल) आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेयो),
मा. उपसंचालक, आरोग्य सेवा, नागपूर

सप्रेम नमस्कार.

माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. हार्ट फेल्युअर झालेल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यातून सुट्टी मिळाली, की पुढचे पंधरा दिवस त्याच्यासाठी एक ठरलेली परिचारिका असावी. तिचं नाव त्याला माहीत असावं, तिचा फोन नंबर घरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलेला असावा आणि तिच्या माथी वॉर्डाची दुसरी ड्यूटी नसावी. बाकीचं पत्र हे का हवं आहे आणि कसं जमेल, एवढ्यासाठी आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे. शासकीय नोकरीतली बहुतेक वर्षं मेडिसीनच्या वॉर्डात गेली. आता नंदनवनकडच्या वस्तीत राहते. शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांचं बीपी मोजणं, गोळ्या वेळेप्रमाणे लावून देणं, डिस्चार्ज कार्ड वाचून सांगणं, हे काम निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही. त्यामुळे हा आजार मी वॉर्डातूनही पाहिला आहे आणि लोकांच्या स्वयंपाकघरातूनही.

आपल्यापैकी काहीजण डॉक्टर आहात, काहीजण प्रशासनातले. प्रशासनातल्यांसाठी थोडक्यात सांगते. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडत नाही, त्याची ओढ कमी होते. विहिरीवरची मोटर जुनी झाली की चालू राहते पण पाणी पुरेसं चढवत नाही, असं मी रुग्णांना सांगत आले. कधीकाळी अटॅक येऊन गेलेले, वर्षानुवर्षं बीपी आणि साखर अंगावर काढलेले, लहानपणीच्या सांधेतापाने झडप खराब झालेले, असे सगळे शेवटी इथे येतात. काहींचं हृदय ढिलं पडतं, काहींचं कडक होऊन नीट भरत नाही. हा दुसरा प्रकार वयस्क बायकांमध्ये बराच आढळतो. परिणाम सारखाच होतो. अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, पोट फुगल्यासारखं होतं, आणि शेवटी फुफ्फुसात पाणी भरून माणूस रात्री उठून बसतो. हा आजार बहुतेकांना जन्मभर सोबत करतो. पण तो सांभाळता येतो, आणि सांभाळण्याचं जवळजवळ सगळं काम घरी होतं, डॉक्टरांच्या नजरेआड.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत देशातल्या ५३ रुग्णालयांमधले १०,८५१ रुग्ण होते. त्यांचं सरासरी वय साठाच्या आसपास होतं. दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत त्यांतले १४.२ टक्के दगावले. म्हणजे सातातला एक. पाश्चात्य देशांत हा आजार सत्तरी ओलांडलेल्यांचा समजतात. आपल्याकडे साठीतच माणूस त्यात सापडतो. नव्वद दिवसांतले बरेचसे दिवस रुग्ण आपल्या खाटेवर नसतो, आपल्या घरी असतो, हे या आकड्याशेजारी ठेवून पाहावं.

आता सुट्टीचा दिवस कसा जातो ते सांगते. सकाळच्या राउंडमध्ये डॉक्टर म्हणतात, यांना सोडा. खाट लगेच हवी असते, कारण कॅज्युअल्टीतून पुढचा रुग्ण वर येतो आहे. कार्ड लिहून होईपर्यंत दुपार होते. मुलगा औषधं आणायला खाली गेलेला असतो, सूनबाई बॅग भरत असतात, आणि भंडाऱ्याची किंवा उमरेडची एसटी चुकेल म्हणून सगळे घाईत असतात. त्या पाच-दहा मिनिटांत एक सिस्टर, जिच्याकडे तीस-चाळीस रुग्ण आहेत, कार्ड हातात देऊन सांगते: मीठ कमी खा, पाणी कमी प्या, गोळ्या वेळेवर घ्या, पंधरा दिवसांनी ओपीडीत या. समजलं का? आजोबा मान हलवतात. त्यांनी ऐकलेलं असतं की नाही, कानाचं यंत्र लावलेलं आहे की उशीखाली राहिलं, हे पाहायला कोणाला उसंत नसते. त्या सिस्टरला दोष देऊ नका. ती त्या वेळी तीन ठिकाणी हवी असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. मी ज्या वॉर्डात काम केलं तिथे ते प्रमाण कधी पाहिलं नाही.

आणि त्या चार वाक्यांपैकी एकही वाक्य पुरेसं नाही.

“गोळ्या वेळेवर घ्या” हेच घ्या. सुट्टीच्या वेळी रुग्णाच्या हातात सहा-आठ प्रकारच्या गोळ्या असतात. त्यातली पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, ही सगळ्यांत जास्त चुकवली जाते. कारण कोणी विचारतच नाही म्हणून कळत नाही. “सिस्टर, गोळी घेतली का घंट्या-घंट्यानं उठा लागते, अन् संडास अंगणात आहे,” असं एका काकूंनी मला सांगितलं. लग्नाला जायचं, बसने जायचं, देवदर्शनाला जायचं, त्या दिवशी बायका ही गोळी घेत नाहीत, कारण वाटेत स्वच्छ मुतारी मिळेल याची खात्री नसते. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुषही तेच करतात. यावर उपाय साधा असतो: बहुतेकांना गोळीची वेळ पुढे-मागे करता येते, सकाळची गोळी परत आल्यावर दुपारी घेता येते. पण ते डॉक्टरांना विचारून, त्या माणसाच्या दिवसाचा हिशेब बघून कोणीतरी ठरवून द्यावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर तो हिशेब मावत नाही.

गुडघेदुखीचंही तसंच. सत्तरीतल्या कुठल्या आजीचे गुडघे दुखत नाहीत? आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी मागितली की मिळते. या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, किडनीवर ताण आणतात, आणि महिनाभर नीट सांभाळलेलं हृदय आठवड्यात पुन्हा दवाखान्यात आणून टाकतात. काही मधुमेहाच्या गोळ्या, पायोग्लिटाझोनसारख्या, याच कारणाने या रुग्णांना चालत नाहीत. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमधाचा काढा पिणारेही मी पाहिले आहेत. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर अंगात पाणी धरतं आणि पोटॅशियम कमी करतं. हे सगळं रुग्ण लपवत नाही. त्याला ते औषधच वाटत नाही, म्हणून तो सांगत नाही. घरी जाऊन औषधांचा डबा उघडून बसणारी परिचारिकाच ते शोधून काढू शकते.

मिठाबद्दल मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण इथे आपण म्हाताऱ्या माणसांवर अन्याय करतो. “मीठ बंद” असं सांगितलं की घरचे खरोखरच आळणी वरण-भात पुढे करतात. आजोबा दोन घास खाऊन ताट सरकवतात. महिन्याभरात अंगावरचं मांस उतरतं, चालणं सुटतं, आणि अशक्तपणा हा या वयात हृदयाइतकाच घातक असतो. २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या सोडियम-एचएफ या अभ्यासात मीठ अगदी कडक तोडलेल्यांमध्ये दाखल होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. म्हणजे मीठ हवं तेवढं खा असं नाही. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक लहान चमचा, ही मर्यादा बहुतेकांना पाळण्याजोगी आहे. प्रश्न हा, की आपल्या घरांत मीठ कुठून येतं? बरंचसं रोजच्या भाजी-वरणातून. पण लक्षात न येणारं मीठ येतं ते पापड, लोणचं, सांडगे, कुरड्या, वाटीभर शेव, आणि तर्री-पोह्यावर पडणाऱ्या फरसाणातून. उन्हाळ्यात घराघरांत वाळवणं होतात आणि वर्षभर जेवणात तळणाची एक फोड असतेच. पापडखार, खाण्याचा सोडा, यांतही सोडियम असतं हे कोणाला ठाऊक असतं? जिला हे घर माहीत आहे ती परिचारिका म्हणेल, आजी, भाजी आळणी नको, मीठ बेतानं घाला, लिंबू पिळा, कोथिंबीर-लसूण घाला, आणि पापड-लोणचं सणावारी चवीपुरतं. आजी हे ऐकतात. आणि कमी सोडियमचं म्हणून जे महागडं मीठ दुकानात मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन (या आजारात देतात ती, पोटॅशियम वाढवू शकणारी गोळी) घेणाऱ्या किंवा किडनी कमजोर असलेल्या माणसाला ते धोक्याचं ठरू शकतं. मुलगा पुण्याहून प्रेमाने ते पाठवतो. त्याला हे कोण सांगणार?

आता वजन. या आजारात स्वतःवर नजर ठेवायचं सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे वजनकाटा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा घेण्याआधी, साधारण सारख्याच कपड्यांत, एकाच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. धाप लागण्याआधी कितीतरी दिवस काटा हे सांगत असतो. मी आमच्या वस्तीतल्या बायकांना कॅलेंडरवर वजन लिहायला शिकवलं. दुधाचा खाडा त्या त्याच चौकोनात लिहितात, शेजारी वजन. लिहिता न येणाऱ्यांसाठी नातवाला कामाला लावायचं. आकडा दिसत नसेल तर बोलून सांगणारा काटा मिळतो. काटा घेण्याची ऐपत नसेल तर? अशा घरांची संख्या कमी नाही. म्हणून माझी सूचना आहे की दवाखान्याने सुट्टीच्या वेळी तीन महिन्यांसाठी काटा उसना द्यावा. एका रात्रीच्या आयसीयूच्या खर्चात असे बरेच काटे येतील.

काट्याबरोबर शरीराच्या इतर खुणा. पायातली जोडवी रुतायला लागली का? चपलेचा पट्टा बसेनासा झाला का? एका उशीवर झोपणारा माणूस तीन उशा मागायला लागला का? झाडताना, वाकून चूल-शेगडी पेटवताना दम लागतो का? या खुणा प्रत्येक घरात दिसतात, पण त्यांचा अर्थ घरच्यांना माहीत नसतो. “वय झालं बाप्पा, आता दम लागनारच,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की मला वाटतं या आजारात जेवढी माणसं औषधावाचून जातात तेवढीच या वाक्यामुळे उशिरा पोचतात.

स्व-काळजीवर आयुष्यभर काम केलेल्या बार्बरा रीगल यांनी या कामाचे तीन भाग मांडले आहेत: रोजची पथ्यं आणि औषधं सांभाळणं, बदलांवर नजर ठेवणं, आणि बदल दिसला की काहीतरी करणं. माझ्या अनुभवात तिसरा भाग सगळ्यांत कठीण. वजन वाढलेलं आजींना दिसतं, पण पुढे काय? मुलाला ऑफिसातून बोलवायचं का? उगीच खर्च होईल का? रविवार आहे, सोमवारी बघू. सोमवारी रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स येते. इथे एक फोन नंबर आणि एक लेखी सूचना दोन्ही हव्यात. डॉक्टरांनी कार्डावर लिहून द्यायचं, की वजन इतकं वाढलं तर पाण्याची अर्धी किंवा एक गोळी जास्त, इतके दिवस, आणि त्याच दिवशी परिचारिकेला फोन. फोनवर ती लघवी, बीपी, चक्कर, श्वास विचारून ठरवेल की घरी थांबायचं की यायचं, आणि गरज पडली तर लगेच डॉक्टरांशी बोलेल.

नागपूरसाठी मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे, आणि मा. आयुक्तांनी ती विशेष लक्षात घ्यावी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मग नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, येतो. महापालिकेचा उष्णतेचा कृती आराखडा आहे. चौकाचौकांत फलक लागतात: भरपूर पाणी प्या, ओआरएस घ्या, ताक प्या. हे शहरासाठी योग्यच आहे. पण ज्या आजोबांच्या कार्डावर “पाणी दिवसाला दीड लिटर, मीठ कमी” लिहिलं आहे त्यांनी काय करायचं? दोन्ही सूचना सरकारीच. काहीजण फलकाचं ऐकतात, मीठ घातलेलं ताक आणि ओआरएस पितात, आणि सुजून येतात. काहीजण कार्डाचं ऐकतात, कूलरच्या कोरड्या झळीत ओठ सुकेपर्यंत तहान मारतात, त्यात पाण्याची गोळी आणि बीपीच्या गोळ्या चालूच, आणि सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडतात. मग मांडीचं हाड, नाहीतर किडनी. २०२५ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या फ्रेश-अप अभ्यासात स्थिर रुग्णांना दीड लिटरचं बंधन घातलं काय किंवा तहानेप्रमाणे पाणी दिलं काय, तीन महिन्यांनी त्यांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक दिसला नाही. बंधन असलेल्यांना तहानेचा त्रास मात्र जास्त झाला. तो थंड देश. आपल्या मे महिन्यात सरसकट पाणी तोडणं किती सयुक्तिक आहे, याचा विचार आपल्या डॉक्टरांनी करावा ही विनंती.

वजन इथेही वाट दाखवतं. उन्हाळ्यात दोन किलो कमी झालं, जीभ कोरडी, लघवी गडद, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, तर पाण्याची गोळी कमी करण्याची गरज असू शकते, आणि ते डॉक्टरांना त्याच दिवशी कळायला हवं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परिचारिकेने तिच्या यादीतल्या प्रत्येक रुग्णाला फोन करावा, वजन आणि बीपी विचारावं, आणि कोणाचा डोस उन्हाळ्यापुरता बदलायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. महापालिकेच्या उष्णता आराखड्यात हार्ट फेल्युअर आणि किडनीच्या रुग्णांसाठी वेगळी ओळ असावी: “तुम्ही किती पाणी प्यावं हे तुमच्या सिस्टरला विचारा.” पण त्यासाठी आधी ती सिस्टर असायला हवी.

ही कल्पना माझी नाही, आणि नवीही नाही. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये मायकेल रिच आणि सहकाऱ्यांनी सत्तरी ओलांडलेल्या २८२ रुग्णांवर अभ्यास केला. तो १९९५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना परिचारिकेने दिलेलं शिक्षण, आहाराचा सल्ला, औषधांची फेरतपासणी, घरभेटी आणि फोन. नव्वद दिवसांत हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग ५४ वरून २४ वर आले, आणि एकूण खर्चही कमी झाला. स्वीडनमध्ये ॲना स्ट्रॉमबर्ग यांच्या अभ्यासात परिचारिका चालवत असलेल्या क्लिनिकमध्ये येणाऱ्यांची स्व-काळजी सुधारली आणि वर्षभरात मृत्यूही कमी झाले. उलट निकालही आहे, तो दडवत नाही. नेदरलँड्समधल्या कोच अभ्यासात, २००८ साली, १,०२३ रुग्णांमध्ये परिचारिकेच्या जादा मदतीने मृत्यू आणि दाखल होणं यांत ठोस घट दिसली नाही. पण तिथे ज्यांना ही मदत नव्हती, त्यांनाही हृदयरोगतज्ज्ञ नियमित तपासत होते. आपल्या रुग्णाला सुट्टीनंतर काय मिळतं? ओपीडीची तारीख आणि त्या दिवशीची रांग.

आणि शिकवणं म्हणजे माहितीपत्रक वाटणं नव्हे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात डोरोथिया ओरेम यांचा स्व-काळजीचा सिद्धांत आम्ही सगळ्या शिकतो: माणूस स्वतःसाठी जे करू शकत नाही तेवढंच परिचारिकेने करावं, बाकी त्याला करायला शिकवावं. परीक्षेत उत्तर लिहून पास होतो, आणि मग नोकरीत सलाईन, इंजेक्शन, रजिस्टर, इंडेंट यांत ते शिकवणं मागे पडतं. ते पुन्हा करायला मिळालं तर परिचारिका जीव ओतून करतील, हे मी खात्रीने सांगते. त्यात काही कसब असतं. “समजलं का?” असं विचारायचं नाही, कारण उत्तर नेहमी “हाव”, म्हणजे हो, असतं. विचारायचं, “आजोबा, उद्या सकाळी उठल्यावर तुम्ही काय-काय करणार, मला सांगा.” जिथे अडतील तिथे परत सांगायचं. एका दिवसात सगळं नाही. पहिल्या दिवशी वजन, दुसऱ्या दिवशी पाण्याची गोळी, सुट्टीच्या दिवशी धोक्याच्या खुणा. या वयात स्मरण कमी होणं, उदासी, ऐकू न येणं हे हार्ट फेल्युअरबरोबर बरेचदा असतं. तिथे सुनेला, मुलीला किंवा शेजारणीला शिकवावं लागतं. नवरा-बायको दोघेच राहत असतील आणि मुलं बंगळुरूला, तर व्हिडिओ कॉलवर मुलालाही बसवावं लागतं. आणि कधीकधी परिचारिकेने फक्त ऐकायचं असतं. रात्री श्वास अडेल म्हणून झोपायलाच भिणारा माणूस ते मुलाला सांगत नाही, सिस्टरला सांगतो.

पैशांचं काय, हा प्रश्न येईलच. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. या योजनेत दाखल झाल्याचा खर्च मिळतो आणि सुट्टीनंतरच्या १५ दिवसांच्या तपासण्या आणि औषधंही धरलेली आहेत. मी मागते आहे ते हेच पंधरा दिवस. औषध धरलं आहे, तपासणी धरली आहे. ते औषध तोंडात नीट जाईल हे पाहणारी व्यक्ती मात्र धरलेली नाही. राज्याने आपल्या पातळीवर तिची तरतूद करावी. तोच रुग्ण दोन महिन्यांत परत दाखल झाला तर उपचारांचं ठरलेलं पॅकेज पुन्हा द्यावंच लागतं.

माणसं कुठून आणायची, हा दुसरा प्रश्न. वॉर्डातली सिस्टर उचलून या कामाला लावू नका, वॉर्डात आधीच माणसं कमी आहेत. असा प्रयत्न सुरू होताना मी पाहिला आहे: एक हुशार सिस्टर निवडली, तिला शिकवलं, आणि काही आठवड्यांतच कॅज्युअल्टीत माणूस कमी म्हणून तिची बदली झाली. काम तिथेच संपलं. म्हणून स्वतंत्र पद हवं, रोटेशनमधून वगळलेलं. निवृत्त परिचारिकांना मानधनावर घ्या. या शहरात आमच्यासारख्या कितीतरी आहेत ज्यांचे हातपाय चालतात आणि रुग्णांशी बोलण्याची सवय सुटलेली नाही. नर्सिंग महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींना सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये याच घरांच्या भेटी द्या. आणि नागपूरला येणारे बरेचसे रुग्ण नागपूरचे नसतातच. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट. त्यांच्यासाठी फोन, आणि गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सुट्टीच्याच दिवशी निरोप: अमुक आजी घरी येत आहेत, सुट्टीचं वजन इतकं, गोळ्या या, तिसऱ्या दिवशी जाऊन बघा. समुदाय आरोग्य अधिकारी काही ठिकाणी नर्सिंग शिकलेलेच असतात. शहरात हेच काम महापालिकेच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रातली एएनएम आणि आशाताई करू शकतील, पण त्यांच्या सध्याच्या डोंगरावर आणखी एक फॉर्म ठेवून नव्हे. त्यांना मोबदला आणि एक दिवसाचं प्रशिक्षण देऊन.

अधिष्ठाता महोदय, एक गोष्ट केवळ आपणच करू शकता. परिचारिकेने रुग्णाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना फोन केला, तर तो आगाऊपणा समजला जाऊ नये. निवासी डॉक्टरांना हे आपण सांगितलं तरच पटेल. लेखी प्रोटोकॉल असावा, त्याच्या मर्यादेत तिला निर्णय घेऊ द्यावा, आणि मर्यादेबाहेर गेलं की फोन उचलणारा एक ठरलेला डॉक्टर असावा.

सुरुवात मोठी नको. मेडिकलमधला एक मेडिसीन वॉर्ड, मेयोमधला एक, आणि महापालिकेच्या दहा झोनपैकी हनुमाननगर किंवा नेहरूनगर. प्रत्येकी एक परिचारिका, एक मोबाइल, एक कपाट भरून वजनकाटे, आणि ज्यांच्या घरी जायचं त्यासाठी प्रवासभत्ता. साठ वर्षांवरच्या प्रत्येक हार्ट फेल्युअर रुग्णाला सुट्टीआधी तीन दिवस थोडं-थोडं शिकवणं, घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत पहिला फोन, आठवड्याच्या आत घरभेट किंवा ओपीडीत भेट, पंधराव्या दिवशी पुन्हा. मोजायचं एवढंच: तीस आणि नव्वद दिवसांत किती परत आले, किती गेले, आणि किती जण अजून रोज वजन करतात. आकडे चांगले आले नाहीत तरी ते जाहीर करावेत, म्हणजे काय बदलायचं ते कळेल.

पुढच्या मार्चच्या आत हे सुरू झालं तर नवतप्याआधी यादी तयार असेल. मराठीत आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत, चित्रांसह, रुग्णाला आणि घरच्यांना शिकवण्याचा एक मसुदा मी तयार केला आहे. त्यात वजनाचा तक्ता, उन्हाळ्याचं पान आणि “या गोळ्या दुकानातून घेऊ नका” अशी यादी आहे. आपल्या डॉक्टरांनी तो तपासावा, दुरुस्त करावा. बोलवाल त्या दिवशी घेऊन येते, आणि पहिल्या तुकडीला शिकवायला मानधनाशिवाय उभी राहते.

कळावे,
आपली,
एक निवृत्त परिचारिका, नागपूर